भैयाजीची बाटली

सत्तावन सालची निवडणूक लागली तेव्हा चांदा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. चिचटोल्याला ही बातमी उशिरा कळली, आणि कळल्यावरही गाव जिथल्या तिथेच राहिलं. घाटाच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठी, धानाच्या बांध्यांमध्ये. मुंबईहून काही आलं नाही. आली ती निवडणूक, आणि तिच्यापुढे धुरळा उडवत भैयाजींची जीप.

भैयाजी बांबूचे ठेकेदार. आसपासचं जंगल तोडून संपत आलं, तेव्हा उरलेल्या जंगलाची सेवा करावी असं त्यांच्या मनात आलं आणि ते अपक्ष उभे राहिले. जीप लढाईतली, लिलावात घेतलेली. स्टेरिंग डाव्या हाताला. हँडब्रेक लढाईतच कामी आला असावा, कारण तो कोणी पाहिलेला नव्हता. गिअर मधूनच सुटायचा, म्हणून उतारावर दांडा गुडघ्याने दाबून धरावा लागे. गुडघा अर्थात डायव्हरचा. गाडीखाली तेल गळायचं. भैयाजींच्या सारवलेल्या अंगणात डाग पडू नयेत म्हणून जीप त्यांच्या डायव्हरच्या, खुशालच्या, अंगणात उभी असे. खुशालचंही अंगण सारवलेलंच होतं, पण ते त्याच्या बायकोने, वच्छलाने, सारवलेलं होतं.

खुशाल माळकरी होता. बाप दारूत गेला, त्या वर्षी त्याने गळ्यात तुळशीची माळ घातली. वच्छलाच्या बापाने मुलगी दिली ती या माळेकडे पाहून. भैयाजींनी गाडी दिली तीही माळेकडेच पाहून. वडशापासून कोरचीपर्यंत न पिणारा डायव्हर एकच, असं ते चारचौघांत सांगत आणि त्याच्याकडून आपला ग्लास भरून घेत. वच्छलाच्या घरात सोनं नव्हतं. ही माळ होती. पाणवठ्यावर बायका नवऱ्यांचे पराक्रम सांगू लागल्या की ती काही न बोलता घागर घासत बसे, आणि ते न बोलणंच सगळ्यांना टोचायचं.

घाटावरच्या गावात भैयाजींची सभा होती, त्या सकाळी जीपच्या ब्रेकची नळी फुटली. खुशालने वडशाहून आणून ठेवलेली जुनी नळी बसवली. पण नळीत हवा शिरली होती आणि ब्रेकचं तेल जमिनीने पिऊन टाकलं होतं.

"आता?" वच्छलाने विचारलं.

"तेल करा लागन." खुशाल जीपखालूनच बोलला. "एरंडीचं तेल अर्धं, स्पिरिट अर्धं. वडशाच्या अड्ड्यावर सारे डायव्हर तसंच करते."

एरंडीचं तेल घरात होतं. स्पिरिट दवाखान्याच्या कंपाउंडरकडे मिळायचं, पण निवडणूक लागल्यापासून कार्यकर्त्यांच्या जखमा एवढ्या वाढल्या होत्या, की दवाखान्यात स्पिरिटचा थेंब उरला नव्हता. जखमा कोणाला दिसल्या नव्हत्या, तो भाग वेगळा.

खुशाल बाहेर आला आणि हात पुसत बराच वेळ अवघडून उभा राहिला.

"मावशीकडून आण."

"काय आणू?"

"काय आणते तिच्याकडून? मोहाची. पहिल्या धारेची. ते स्पिरिटच असते. पेटवली का निळी जळते."

वच्छला अंगणातल्या तुळशीकडे पाहून हसली. "माळ घातलेला माणूस बायकोले दारू आणाले धाडते! पाहून राह्यली का व तुळसामाय?"

"गाडीले पायजे, मले नाई."

रंभा ही खुशालची सख्खी मावशी. विधवा. तळ्यात जाळं टाकायची, आणि घरामागे मोहाची भट्टी लावायची. पहिलं काम सगळ्यांना दिसायचं, दुसरं सगळ्यांना माहीत होतं. वच्छला गेली तेव्हा ती ओसरीवर जाळ्याचं भोक शिवत बसली होती. शेजारी दोन बायका उगाच बसल्या होत्या.

"मावशी, एक बाटली पायजे होती."

सुई थांबली. दोन्ही बायकांनी माना वर केल्या.

"कोणाले पायजे व?"

वच्छलाला या प्रश्नाची तयारी करून यायला हवं होतं. 'आमच्या घरी' म्हणावं तर दुपारच्या आत तळ्यापासून घाटापर्यंत माळ तुटली असती. 'जीपले पायजे' म्हणावं तर या दोघी पोट धरून हसल्या असत्या आणि मग हेच तिखटमीठ लावून सांगितलं असतं. गावात कोणत्याही वेळी, कोणाच्याही दारात, कोणीही विश्वास ठेवील असं एकच उत्तर होतं.

"भैयाजीले."

"मंग तसं सांग ना!" रंभा उठली, आत गेली, आणि उतरंडीमागून एक बाटली घेऊन आली. "भैयाजीची भरूनच असते. घे."

बायकांच्या माना खाली गेल्या. वच्छला बाटली पदराखाली घेऊन ताठ मानेने परत आली.

खुशालने दोन्ही काचेच्या बरणीत ओतलं, बरणी हातभर लांब धरून हलवली. मिश्रण पांढुरकं झालं, ताकासारखं.

"पांढरं काऊन झालं?" खुशालने विचारलं.

"एरंडी जुनी हाय. मागच्या साली आणली होती."

"पेटवून पाहा लागते. पेटली तर स्पिरिट, नाई पेटली तर पाणी. आगपेटी दे."

"आगपेटी कुठची? तुमी बिडी थोडीच वढता. चुलीतला इंगळ आणू?" वच्छला म्हणाली, आणि वर म्हणाली, "मावशीच्या हातची हाय. घरच्या माणसाची दारू तपासता का?"

तेवढ्यात भैयाजींचा माणूस दारात येऊन, हार आले, झेंडे आले, गाडी का आली नाही, म्हणून ओरडून गेला. खुशालने बरणीकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं.

"बस वर," तो म्हणाला.

वच्छला जन्मात पहिल्यांदा स्टेरिंगमागे बसली. पदर खोचला, पाय ब्रेकवर ठेवला. खुशालने मिश्रण ब्रेकच्या टाकीत ओतलं, थोडं रिकाम्या बाटलीत ठेवलं, आणि तो सर्वांत लांबच्या चाकाखाली शिरला. चाकाच्या पाठीमागे हवा काढायचा बारीक निपल होता. त्यावर त्याने रबरी नळी चढवली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं.

"मी दाब म्हणलं का दाब. मी सोड म्हणेपर्यंत पाय हलवू नोको. आधी सोडला तर गेलेली हवा वापस येते."

"बरं."

"दाब."

तिने दाबला. पाय खाली गेला. नळीतून बुडबुडे आले, बाटलीत गुडगुडले.

"धर... धर... आता सोड."

"किती सोपं हाय हे! तुमी उगाच डायव्हर म्हणून मिरवता."

"दाब."

"सासूबाईनं पण असंच सांगतलं होतं मले. दाबून धर, म्हणे, अन् सोड म्हणेपर्यंत सोडू नोको."

"कशाले?"

"तुमाले."

जीपखाली पाना खणकन पडला. मग तो हसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून एखादं काम असं कधी केलं नव्हतं. धानाच्या रोवणीत बायका वेगळ्या, नांगरावर पुरुष वेगळे. चारही चाकं झाली. प्रत्येक चाकापाशी मातीत मोहाचा वास मुरला. पिण्याआधी लोक देवाच्या नावाने जमिनीवर धार सोडतात, तशी जीपने चार ठिकाणी सोडली होती. हळूहळू वच्छलाच्या पायाखालचा मऊपणा गेला. शेवटी पाय अर्ध्यावर जाऊन दगडावर ठेवल्यासारखा थांबला.

"दगडावानी झालं."

"असंच पायजे." खुशाल बाहेर आला. "हवा राह्यली, का पाणी गेलं, तर सपाटीवर काई समजत नाई. घाट उतरताना ब्रेक तापते, तवा पाणी उकळते. मंग पायाखाली काहीच राह्यत नाई." त्याने राखेने दोनदा हात धुतले आणि हुंगून पाहिले. "दारूले हात लागला. आंघोळ करा लागते."

पण भैयाजींचा माणूस परत आला होता. आंघोळ राहिली.

जीप गेली, धुरळा बसला. वच्छलाने अंगणातले डाग शेणाने सारवायला घेतले. दुपारी रंभा आली, हसतच आली.

"काय म्हणे भैयाजी? खुश झाला का?"

आता आजूबाजूला कोणी नव्हतं. वच्छलाने खरं सांगितलं. मावशी म्हणून सांगितलं, आणि गंमत म्हणून सांगितलं.

रंभा हसून हसून खाली बसली. "जीपेले पाजली! अवं, जीपेले काय समजते व. त्या भैयाजीले इतक्या सालात नाई समजलं. अर्धं पाणी असते त्याच्यात. तळ्याचं! वरून मिरच्या भिजवतो आमी, तिखट-तिखट. गळा जळला का भैयाजी म्हणते, वा रंभे, असली हाय. फुकट पेणाऱ्याले कोण देते पहिली धार? सारा गाव तसाच भरते त्याची बाटली. तुले नाई माहीत? हो, तुमच्या घरी कुठची बाटली."

वच्छलाच्या हातातला शेणाचा गोळा तसाच राहिला.

"अन् खुशालसाठी मागतली असती तं?"

"तं पेटवून दाखवली असती, पोरी. बहिणीचा पोरगा हाय तो."

हात न धुताच वच्छला निघाली. सडक घाटाला वळसे घालत जाते. पायवाट सरळ वर चढते. ती धावली, थांबली, पुन्हा धावली. फेब्रुवारी सरत आला होता, पळस फुलले होते, पण मोह अजून गळायला लागला नव्हता. वर पोचली तेव्हा सभा चालू होती. भैयाजी, गळ्यात हार, म्हणत होते, "मी निवडून आलो तर पहिलं काम, या घाटाले कठडे बांधीन!" लोक टाळ्या वाजवत होते. कठडे म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत नव्हतं, पण हार घातलेला माणूस थांबला की टाळी वाजवायची, एवढं निवडणुकीने त्यांना शिकवलं होतं.

खुशाल जीपपाशी उभा होता. बायको दिसताच त्याचा चेहरा उतरला. "घरी काय झालं?"

"अजी, त्याच्यात पाणी हाय."

तिने सगळं सांगितलं.

"तुनं भैयाजीच्या नावानं मागतली?"

"तुमचं नाव कसं घेऊ? दोघी बसल्या होत्या तिथी. काय म्हणल्या असत्या?"

त्याने नकळत माळेला हात लावला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने जीपमध्ये वाकून हाताने ब्रेक दाबून पाहिला. दगडासारखा घट्ट.

"आता थंड हाय म्हणून धरून राह्यला."

"भैयाजीले सांगा."

"काय सांगू? तुमाले सारा गाव पाणी पाजून राह्यला, असं? उद्याच्याले मावशीच्या दारी पोलिसाचा जमादार उभा राहीन. अन् एकट्या मावशीच्या नाई."

सभा संपली. भैयाजी हार सावरत आले. खुशालने हात जोडले.

"भैयाजी, ब्रेकमंदी हवा हाय. तुमी पायवाटेनं उतरा. गाडी इथीच राहू द्या, उद्या नवं तेल आणून घेऊन जातो."

"आली ना चढून?"

"चढाले ब्रेक नाई लागत, भैयाजी."

"मंग चढली तशी उतरन. कुरखेड्याले लोक बसून राह्यले माझ्यासाठी. उमेदवार पायी उतरला तर लोक काय म्हणन? गाडी गेली, आता सीट बी गेली!" बरोबरचे हसले. "काऊन रे खुशाल्या, माळ घातली तं हिंमत बी तुळशीत ठेवली का?"

ते जीपमध्ये उजव्या हाताला बसले. कार्यकर्ते मागे चढू लागले, तर खुशालने त्यांना हात धरून उतरवलं. वजन नको म्हणाला. भैयाजींनाही ते पटलं, कारण त्यांना पाय पसरायला जागा झाली.

"मी बसतो मागं," वच्छला म्हणाली.

"तू पायवाटेनं जा." खुशाल स्टेरिंगमागे बसला. तिच्याकडे न पाहता, गिअरच्या दांड्यावर गुडघा टेकवत तो म्हणाला, "पाणी तापवून ठेवजो. आंघोळ राह्यली माझी."

ती पायवाटेने उतरत होती तेव्हा खालून इंजिनाचा आवाज येत होता. कण्हल्यासारखा, दाबून धरलेला. तो आवाज चालू आहे तोवर गुडघा दांड्यावर आहे, हे तिला कळत होतं. त्या आवाजाच्या तालावर ती पाय टाकत होती. एका वळणाखाली आवाज एकदम हलका झाला, मोकळा सुटल्यासारखा. मग हॉर्न वाजला. वाजत राहिला. मग नुसती पाखरं उडाली.

ती सडकेवर उतरली. काही दिसायच्या आधी तिला वास आला, मोहाचा.

उतरताना घाटाच्या उजव्या हाताला दरी आहे. डाव्या हाताला खडक. उजवीकडे भैयाजी बसले होते आणि डावीकडे खुशाल. खुशालने गाडी डावीकडे घातली होती.

भैयाजी सडकेच्या कडेला पाचोळ्यात बसलेले सापडले. हात मोडला होता. हार गळ्यातच होता.

सूर्य मावळायच्या आत जमादार आला, तोवर अर्धा गाव वर चढून आला होता. जमादाराने जीपभोवती फेरी मारली, नाक वर केलं, तुटलेल्या नळीखालच्या ओलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याला ठसका लागला.

"लयच तेज हाय."

"पहिल्या धारेची तसीच असते, जमादार," हात धरून भैयाजी कण्हत म्हणाले. "ओळखतो मी. मी तर माळ पाहून ठेवला होता याले. आता माणसाच्या आत शिरून कोण पाहते?"

"म्हणजे डायव्हर पेला होता."

वच्छला नवऱ्यापाशी बसली होती. माळेचा दोरा तुटला होता आणि ती त्याच्या सदऱ्यातून मणी वेचत होती. ती उठली.

"माणूस नाई पेला, साहेब. गाडी पेली."

गर्दीत कोणीतरी हसलं, सवयीने. जमादार वाईट माणूस नव्हता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, दुःखात माणूस काहीही बोलते."

"खरं सांगतो. आज सकाळी मी सोता..."

तिने मान वर केली. समोर रंभा होती, पदराचं टोक दातात धरलेलं, डोळे फाटलेले. तिच्या मागे त्या दोघी. त्यांच्या मागे गाव. कोणी खुशालकडे पाहत नव्हतं. सगळे वच्छलाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यातल्या कितीतरी घरात उतरंडीमागे भैयाजींच्या नावाची एक बाटली भरून ठेवलेली होती, आणि भैयाजी चार हातांच्या अंतरावर बसले होते.

जे सांगायचं नाही म्हणून तो घाट उतरला होता, ते तिने सांगितलं तर तो उगाचच उतरला असता.

"सकाळी काय?" जमादाराने विचारलं.

"काही नाई," वच्छला म्हणाली आणि पुन्हा मणी वेचायला बसली.

गावाने श्वास सोडला. मग, सुटका झालेली माणसं बोलतात तसं, सगळे एकदम बोलू लागले. माळेचं काही खरं नसते बाबू. बापाचाच पोरगा शेवटी.

भैयाजी निवडून आले. हात गळ्यात बांधून ते गावोगाव फिरले आणि प्रत्येक सभेत त्यांनी दारूबंदीवर भाषण दिलं. एका माळकऱ्याने मला कसं दरीच्या काठावर नेलं, हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. ज्याने त्यांना दरीत जाऊ दिलं नाही, त्याचं नावही त्यामुळे तालुकाभर झालं. सभा आटोपल्यावर ते कोणाच्या तरी ओसरीवर बसायचे आणि ग्लास मागायचे.

वच्छला रंभाकडे राहायला गेली. दोघी तळ्यावर जात, परत येत. एवढंच झालं, की रंभाच्या हाताला पाणी घालणं जमेना. भैयाजीची बाटली भरायला घेतली की तिचा हात पाण्याच्या मडक्यावरून परत यायचा. उतरंडीमागच्या बाटलीत पहिली धार जाऊ लागली. नुसती. मिरचीशिवाय.

मोह गळून संपत आला त्या सुमारास भैयाजी भर दुपारी आले, अंगणात खाटेवर बसले. हात बरा झाला होता. रंभाने ग्लास दिला. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि वाईट तोंड केलं.

"रंभे, आजकाल पाणी घालून राह्यली तू. आधीसारखी नाई लागत."

वच्छला चुलीपाशी होती. तिने चिमट्यात इंगळ धरून आणला. भैयाजींच्या हातातला ग्लास घेतला, अंगणातल्या सपाट दगडावर थोडी दारू ओतली आणि इंगळ टेकवला.

"हे काय करून राह्यली व?"

"तपासून राह्यलो, भैयाजी. पाणी असलं तं पेटत नाई."

पहिल्या धारेचा जाळ निळा असतो आणि उन्हात तो दिसत नाही. भैयाजींनी वाकून पाहिलं. दगड, त्यावर ओल, त्यावर ऊन.

"कुठी पेटली? नाई पेटली."

वच्छला दगडाशेजारी उकिडवी बसून राहिली.

"हात लावून पाहा, भैयाजी," ती म्हणाली.